काचेचं माप त्वचेला

आजीच्या पैठणीच्या पदराला मी एकदा मल्टिमीटर लावला. एक टोक जरीच्या एका धाग्यावर, दुसरं त्याच धाग्यावर हातभर अंतरावर. यंत्र लगेच वाजलं. खऱ्या जरीतून वीज वाहते, आणि वाहणारच. कलाबतू म्हणजे रेशमी धाग्याभोवती गुंडाळलेली चांदीची चपटी तार, वर सोन्याचं पाणी. मग बाजारातल्या एका नव्या साडीवर तेच करून पाहिलं तर यंत्र गप्प राहिलं. ती जर प्लास्टिकच्या चकाकत्या पट्टीची होती. पुन्हा पैठणीकडे वळलो तेव्हा आई म्हणाली, ‘घडीवर लावून बघ, तिथे तुटलेली असेल.’ घडीच्या रेघेच्या अलीकडे-पलीकडे टोकं ठेवली आणि खरोखरच आवाज आला नाही. शेजारच्या धाग्यावर मात्र आला.

आईला विजेतलं काही कळत नाही. पण जरीची साडी वर्षातून एकदा उलगडून वेगळ्या ठिकाणी घडी घालावी लागते, नाहीतर ती घडीवर चिरते, हे तिला तिच्या सासूने सांगितलं होतं. धातू वाकतो, पण पुन:पुन्हा एकाच जागी वाकवला तर थकतो. हे ज्ञान कुठल्याही सूत्रात लिहिलेलं नव्हतं. ते कपाट आवरण्याच्या सवयीत होतं.

अंगावर घालायच्या इलेक्ट्रॉनिक उपकरणांसाठी लवचिक आणि पारदर्शक इलेक्ट्रोड बनवण्याचा जो मोठा खटाटोप जगभर चालू आहे, त्याबद्दल वाचताना मला ही घडी सारखी आठवते. नाडी मोजणारी पट्टी, रक्तातला ऑक्सिजन पाहणारा चिकट तुकडा, बाहीत विणलेला पडदा, कपड्यावरचा सौरघट या सगळ्यांना असा एक थर हवा असतो, ज्यातून वीज जाईल, प्रकाशही जाईल आणि जो शरीराबरोबर वाकेल. माझं म्हणणं एवढंच आहे की हा थर आपण चुकीच्या मापाने मोजतो आहोत. ते माप काचेसाठी बनलं होतं, आणि आता ते त्वचेला लावलं जात आहे.

आधी मूळ अडचण. वीज वाहून नेणं आणि प्रकाश आरपार जाऊ देणं हे दोन गुण निसर्गात सहसा एका घरात नांदत नाहीत. तांब्याच्या एका घन सेंटिमीटरमध्ये मोकळे इलेक्ट्रॉन इतके असतात की त्यांची संख्या लिहायला ८५ वर एकवीस शून्यं द्यावी लागतात. तेच इलेक्ट्रॉन वीज वाहतात आणि तेच अंगावर येणारा प्रकाश परतवून लावतात. म्हणून धातू चमकतो. काचेत मोकळे इलेक्ट्रॉन जवळजवळ नाहीत, म्हणून ती पारदर्शक आहे आणि म्हणूनच विजेला बंद आहे. वाट काढायची तर मधली संख्या शोधावी लागते. तांब्याच्या सुमारे शंभराव्या हिश्श्याएवढे इलेक्ट्रॉन ठेवले तर ते इन्फ्रारेड लहरी परतवू शकतात, पण दृश्य प्रकाशाची लहर त्यांच्या आवाक्याबाहेर इतक्या झपाट्याने उलटसुलट होते की ती निघून जाते. वीज मात्र पुरेशी वाहते.

ही मधली वाट पहिल्यांदा दिसली ती १९०७ मध्ये, जर्मनीत. कार्ल बेडेकर यांनी कॅडमियमचा पातळ थर हवेत तापवला. त्याचं ऑक्साइड झालं, तो आरपार दिसू लागला, आणि तरीही वीज वाहत राहिली. (आडनाव वाचून मराठी वाचक क्षणभर थबकेल, पण हे बेडेकर प्रवाशांसाठी मार्गदर्शिका छापणाऱ्या जर्मन घराण्यातले. १९१४ मध्ये महायुद्धाच्या पहिल्याच महिन्यात ते लढाईत मारले गेले.) दुसऱ्या महायुद्धात विमानाच्या पुढच्या काचेवरचं बर्फ वितळवायला कथिलाच्या ऑक्साइडचा असाच थर वापरला गेला. पुढे इंडियम आणि कथील यांच्या मिश्र ऑक्साइडने सगळ्यांना मागे टाकलं. आज आपण मोबाइलवर बोट फिरवतो तेव्हा ते बोट कुठे आहे हे सहसा हाच थर ओळखतो. संशोधक त्याला त्याच्या इंग्रजी आद्याक्षरांनी आयटीओ म्हणतात. विमानाची काच, टीव्हीची काच, फोनची काच. या पदार्थाचं सगळं आयुष्य काचेवर गेलं.

आणि त्याचं मापही काचेवरच ठरलं. १९७६ मध्ये जी. हाके यांनी पारदर्शक वाहकांची तुलना करण्यासाठी एक सूत्र मांडलं: थरातून जितका प्रकाश जातो त्या प्रमाणाचा दहावा घात घ्यायचा आणि त्याला थराच्या रोधाने भागायचं. उत्तर मोठं तर पदार्थ चांगला. दहावाच घात का? कारण त्यामुळे सर्वोत्तम जाडी अशी निघते, की जिच्यातून नव्वद टक्क्यांच्या आसपास प्रकाश जातो. त्या काळच्या पडद्यांना आणि सौरघटांना तेवढा प्रकाश हवा होता. सूत्र प्रामाणिक आहे, सोपं आहे, आणि आपल्या कामापुरतं अगदी बरोबर आहे. पण त्याचा कल पाहा. नव्वद टक्के पारदर्शकतेला सूत्र ०.३५ देतं, ऐंशी टक्क्यांना जेमतेम ०.११. म्हणजे दहा टक्के प्रकाश गमावलेल्या थराला बरोबरीला यायचं असेल तर त्याचा रोध एक तृतीयांशाहून कमी असला पाहिजे. त्या दहा टक्क्यांच्या बदल्यात तो थर कोपरावर आठवडाभर टिकत असला, घामात खराब होत नसला, खाज आणत नसला, तरी सूत्राच्या दृष्टीने तो हरलेला. सूत्रात वाकणं नाही, ताणणं नाही, घाम नाही, माणूसच नाही.

कुणी म्हणेल, सूत्र ही पहिली चाळणी आहे. वाकवण्याच्या चाचण्या नंतर होतातच. होतात, हे खरं. यंत्रात पट्टी अडकवतात, हजारो वेळा वाकवतात आणि रोध किती वाढला ते आलेखात मांडतात. पण ते यंत्र पट्टीला एकाच दिशेने, एकाच जागी वाकवतं, बहुतेक वेळा खोलीच्या कोरड्या हवेत. मनगट तसं वाकत नाही. ते पिळलं जातं, टेबलाच्या कडेला घासतं, भांड्याच्या पाण्यात जातं. आणि जी चाळणी पहिली असते तीच ठरवते की दुसऱ्या चाळणीपर्यंत कोण पोचणार.

वाकणं आणि ताणणं या दोन गोष्टींची गल्लत तर फार होते. वाकवण्याचा प्रश्न जाडीचा आहे. दशांश मिलिमीटर जाडीची प्लास्टिकची पट्टी पेन्सिलीभोवती गुंडाळली तर तिच्या बाहेरच्या अंगावर साधारण १.४ टक्के ताण पडतो. पट्टी दहापट पातळ केली की ताणही दहापट कमी होतो. आयटीओचा थर दोन-तीन टक्के ताणाला तडकतो. म्हणजे पट्टी पुरेशी पातळ केली, किंवा थर अशा दोन पट्ट्यांच्या मधोमध ठेवला की जिथे ताणही नाही आणि दाबही नाही, तर तो ठिसूळ पदार्थसुद्धा वाकतो. त्वचा मात्र नुसती वाकत नाही. सांध्यावर ती तीस टक्के आणि त्याहूनही जास्त ताणली जाते. तिथे पातळपणाने भागत नाही. म्हणून ‘लवचिक’ असा शिक्का पाहिला की मी आधी विचारतो, वाकणारं की ताणलं जाणारं?

आयटीओला पर्याय म्हणून जे पदार्थ पुढे आले त्यांत चांदीच्या नॅनोतारांवर सर्वांत जास्त आशा आहे. वीस-पन्नास नॅनोमीटर जाड आणि त्याच्या शेकडो पट लांब अशा तारा शाईत मिसळून पट्टीवर पसरतात. त्या गवताच्या काड्यांसारख्या एकमेकींवर पडतात. मधल्या मोकळ्या जागेतून प्रकाश जातो, तारांवरून वीज जाते. पट्टी ताणली तर काड्या सरकतात, पण जाळं एकदम तुटत नाही. कल्पना सुंदर आहे. पण ज्या घरात पैंजण आहेत त्या घराला चांदीचा स्वभाव माहीत असतो. हवेतल्या गंधकाने चांदी काळी पडते. पैंजण काळे पडले की चिंचेने किंवा राखेने घासून उजळता येतात, कारण काळेपणा वरवरचा असतो आणि आत चांदी शिल्लक असते. तीस नॅनोमीटरच्या तारेला ‘आत’ असं फारसं नसतंच. काळेपणा चढता चढता तारच संपते.

यावरचा एक उपाय वाचून मला पुन्हा पैठणी आठवली. २०१८ मध्ये सोल राष्ट्रीय विद्यापीठातल्या दे-ह्यॉंग किम यांच्या गटाने चांदीच्या नॅनोतारांवर सोन्याचं वेष्टण चढवलं, म्हणजे चांदी वाहकाचं काम करेल आणि सोनं तिला गंजण्यापासून व शरीराला चांदीपासून जपेल. त्यांचा पदार्थ रबरासारखा ताणला जाणारा होता, पारदर्शक नव्हता. पण चांदीवर सोनं चढवण्यामागची समज जरीचीच आहे.

हे साम्य मी भावनेच्या भरात जोडत नाही. १९९७ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी मीडिया लॅबमध्ये रेहमी पोस्ट आणि मॅगी ऑर्थ कापडात विद्युत मंडलं बसवायचे प्रयोग करत होते, तेव्हा त्यांनी निवडलेलं एक कापड होतं धातूच्या पातळ पट्टीने मढवलेल्या रेशमी धाग्यांचं झिरझिरीत ऑर्गेंझा. ते भारतात पिढ्यान्‌पिढ्या विणलं जात होतं. त्या कापडातून प्रकाश जात होता, वीज जात होती, ते चुरगळलं तरी चालत होतं. पट्टी धाग्याभोवती वेढे घेते, म्हणून धागा वाकला की वेढे एकमेकांवरून सरकतात. धातूला स्वतःला फारसं ताणलं जावंच लागत नाही. २०११ मध्ये इलिनॉय विद्यापीठातल्या जॉन रॉजर्स यांच्या गटाने त्वचेवर गोंदणासारखं चिकटणारं उपकरण दाखवलं. त्यातल्या तारा नागमोडी होत्या, आणि कारण तेच होतं. वळणं सरळ होतात, धातू तसाच राहतो.

ग्राफीनची गोष्ट मी थोडक्यात आटोपतो, कारण तिच्याबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे. कार्बनच्या एका अणूएवढा जाड थर फक्त २.३ टक्के प्रकाश शोषतो, हे २००८ मध्ये मँचेस्टरमध्ये मोजलं गेलं. त्या शोधनिबंधाचे पहिले लेखक राहुल नायर मूळचे केरळचे. २०१० मध्ये कोरियात तीस इंची ग्राफीनची पट्टी रुळांवरून काढून दाखवली. पण एका थराचा रोध जास्त असतो, आणि तांब्यावर वाढवलेला थर दुसऱ्या पट्टीवर उतरवताना फाटतो. आणखी एक पर्याय म्हणजे वाहक प्लास्टिक. ते धातूपेक्षा मऊ आहे खरं, पण ओलावा पितं.

मला खरं थांबायचं आहे ते भेगांपाशी. वैशाखात मराठवाड्यातल्या काळ्या रानात उभं राहिलं की जमिनीवर भेगांचं जाळं दिसतं. ओलावा उडतो, माती आकसते, खालचा थर तिला आकसू देत नाही आणि ती फाटते. प्रत्येक नवी भेग पुढे जात राहते ती जुन्या भेगेला मिळेपर्यंत, कारण तिथे ताण आधीच सुटलेला असतो. म्हणून त्या जाळ्यात लोंबकळणारी टोकं फार थोडी. बहुतेक प्रत्येक भेग दोन्ही बाजूंनी कुठेतरी जोडलेली असते. बंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रात गिरिधर कुलकर्णी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी गेल्या दशकाच्या सुरुवातीच्या वर्षांत नेमकी हीच गोष्ट कामाला लावली. पट्टीवर वाळल्यावर भेगाळणारं रंगासारखं द्रव पसरायचं, ते वाळून फाटू द्यायचं, वरून धातूचा थर द्यायचा आणि मग द्रवाचे वाळलेले पापुद्रे विरघळवून धुऊन टाकायचे. भेगांत पडलेला धातू तेवढा उरतो. डोळ्याला न दिसणारं, काही मायक्रॉन रुंद तारांचं अखंड जाळं तयार होतं. नॅनोतारांच्या जाळ्यात एक काडी दुसरीवर नुसती टेकलेली असते आणि त्या प्रत्येक टेकण्यापाशी विजेला अडथळा होतो; भेगांच्या जाळ्यात सांधा वेगळा नसतोच. शिवाय हे द्रव फवारून वक्र पृष्ठभागावरही देता येतं.

आयटीओच्या थराला भेग पडली की थर मेला. इथे भेग हाच साचा आहे. २०१४ मध्ये चिनी आणि अमेरिकी संशोधकांनी झाडाच्या पानातला गर काढून उरलेल्या शिरांच्या जाळीवर धातू चढवून इलेक्ट्रोड बनवला. ज्यांनी लहानपणी वहीत पिंपळपान ठेवून त्याची जाळी होण्याची वाट पाहिली आहे, त्यांना हा प्रयोग समजावून सांगावा लागणार नाही. पानाच्या शिरांचं जाळं कुठेतरी कुरतडलं गेलं तरी रस दुसऱ्या वाटेने जातो. पदराची जरही तशीच होती: एक धागा घडीवर तुटला होता, शेजारचा वाजत होता. न तुटणारा पदार्थ शोधण्यात आपण शंभर वर्षं घालवली. तुटल्यावरही काम चालू ठेवणारी रचना शोधणं हे वेगळं काम आहे, आणि शरीरावर तेच उपयोगाचं आहे. या गुणाला हाके यांच्या सूत्रात एका अक्षराचीही जागा नाही.

आता एक अवघड प्रश्न, जो या क्षेत्रातले लोक पुरेसा विचारत नाहीत असं मला वाटतं. अंगावरच्या उपकरणाला पारदर्शक असण्याची गरज तरी कधी असते? हृदयाचा आलेख काढणाऱ्या इलेक्ट्रोडला ती नसते. माझ्या वडिलांना एकदा ऐन मे महिन्यात हृदयाचे ठोके नोंदवणारा चोवीस तासांचा हॉल्टर लावला होता. जेलचे चिकट तुकडे, वर पट्ट्या, त्याखाली घाम. दुसऱ्या दिवशी काढले तेव्हा छातीवर गोल लाल चट्टे उठले होते, ते पंधरा दिवस राहिले. त्या तुकड्यांना पारदर्शकता नको होती, हवा आणि घाम जाऊ देणारी वीण हवी होती. टोकियो विद्यापीठातल्या ताकाओ सोमेया यांच्या गटाने २०१७ मध्ये सोन्याच्या अतिसूक्ष्म धाग्यांची जाळी त्वचेवर बसवून आठवडाभर ठेवली. तिच्यातून घामाची वाफ जात होती आणि त्वचेला सूज येण्याचं प्रमाण खूपच कमी राहिलं. जिथे अशा विणीची गरज आहे तिथे ‘पारदर्शक’ हे विशेषण लावून शोधनिबंध सजवण्यात वेळ जातो आहे.

पण दोन ठिकाणी पारदर्शकता खरोखर हवी. एक म्हणजे लोकांच्या नजरेसाठी, आणि याला मी किरकोळ म्हणणार नाही. माझ्या ओळखीची मधुमेह असलेली एक मुलगी दंडावर साखर मोजणारी चकती लावते आणि लग्नकार्यात लांब बाह्यांचं पोलकं घालते, कारण ‘हे काय लावलंयस?’ या प्रश्नामागून स्थळांची चर्चा येते. तिच्या दंडावरचं उपकरण न दिसणं ही तिच्यासाठी मानाची बाब आहे.

दुसरं म्हणजे जिथे उपकरण प्रकाशानेच मोजतं तिथे. २०२० च्या सप्टेंबरात ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत आशा सेविका दारोदार ऑक्सिमीटर घेऊन फिरल्या. बोटाला चिमटा लावून आकडा पाहणं तेव्हा घराघरांत सवयीचं झालं. हे यंत्र लाल आणि इन्फ्रारेड प्रकाश बोटातून पाठवून रक्ताचा रंग वाचतं. त्यामागची युक्ती जपानच्या ताकुओ आओयागी यांची, १९७० च्या दशकाच्या सुरुवातीची. तोच आकडा चिमट्याऐवजी त्वचेवरच्या मऊ पट्टीने वाचायचा तर दिव्यावरचा इलेक्ट्रोड पारदर्शकच हवा. इथे नव्वद टक्के आणि ऐंशी टक्के यांत खरा फरक पडतो.

आणि इथेच माणसाला वगळलेलं माप सर्वांत महाग पडतं. डिसेंबर २०२० मध्ये मिशिगन विद्यापीठातल्या डॉक्टरांनी दाखवलं की ऑक्सिमीटर ९२ ते ९६ दाखवत असताना रक्तातला ऑक्सिजन प्रत्यक्षात ८८ च्या खाली असण्याचं प्रमाण गोऱ्या रुग्णांत ३.६ टक्के होतं आणि कृष्णवर्णीय रुग्णांत ११.७ टक्के. त्वचेतलं मेलॅनिन प्रकाश शोषतं, आणि यंत्राचा हिशेब बसवला गेला तो मुख्यतः उजळ त्वचेवर. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१३ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार चाचणीला किमान दहा निरोगी माणसं पुरत, आणि त्यांत गडद त्वचेची किमान दोन किंवा पंधरा टक्के. जानेवारी २०२५ मध्ये त्यांनी नव्या मसुद्यात अधिक माणसं आणि त्वचेच्या अधिक छटा मागितल्या. एवढी वर्षं सगळं लक्ष प्रकाशाच्या वाटेतल्या थराकडे होतं, त्या वाटेतल्या त्वचेकडे नव्हतं.

या थराच्या मागच्या-पुढच्या माणसांचंही असंच. इंडियमसाठी सहसा कुणी खाण खणत नाही. जस्त शुद्ध करताना तो जोडीला मिळतो, म्हणून त्याचा पुरवठा पडद्यांच्या मागणीपेक्षा जस्ताच्या बाजारावर हलतो, आणि त्यातला सर्वांत मोठा वाटा चीनचा आहे. आयटीओची धूळ फुप्फुसात गेल्याने होणारा आजार पहिल्यांदा जपानमधल्या एका कामगाराच्या मृत्यूने जगाला कळला. त्याची नोंद २००३ मध्ये प्रसिद्ध झाली. आणि वापर संपल्यावर? खऱ्या जरीची फाटकी साडी विकत घेऊन, जाळून तिची चांदी काढणारे लोक आपल्याकडे होते, अजूनही आहेत. आठवडाभर लावून फेकायच्या पट्टीतली चांदी इतकी थोडी असते आणि प्लास्टिकशी इतकी एकजीव असते की ती सोडवायला कुणी दारावर येणार नाही.

मग नवं माप कसं असावं? एकच आकडा देणारं दुसरं सूत्र मला नको आहे. मला चाचणी हवी आहे. कोकणात आषाढात, खोबरेल लावलेल्या कोपरावर, सात दिवस. धुण्याभांड्याच्या हाताच्या मनगटावर, हळदीच्या आणि साबणाच्या पाण्यात. आठव्या दिवशी काढताना कातडी सोलते का तेही नोंदवायचं. ही चाचणी प्रयोगशाळेतल्या तरुण विद्यार्थ्याच्या नव्हे, तर साठीच्या माणसाच्या सैल त्वचेवरही करायची आणि अर्भकाच्या त्वचेवर तर फारच जपून. बंगळुरूच्या भेगांच्या जाळीला आणि टोकियोच्या सोन्याच्या जाळीला एकाच कोपरावर शेजारी शेजारी लावून पाहायचं. यातलं काहीही महाग नाही. फक्त त्यातून सुबक आलेख निघणार नाही, विखुरलेले ठिपके निघतील. ते तसेच छापावेत. आणि उपकरण बाजारात येईल तेव्हा त्याच्या डब्यावर पारदर्शकतेच्या टक्क्यांशेजारी हेही छापलेलं असावं की ते किती जणांच्या अंगावर, कुठल्या ऋतूत आणि त्वचेच्या कोणत्या छटांवर तपासलं गेलं.